सेटचा इंग्रजीचा पेपर, जड शब्द आणि लिटररी टर्म्स : देवगडहून दुसऱ्या प्रयत्नात

सेट, म्हणजे कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा, सुटली त्याला आता बरेच दिवस झाले, लिहायचं मात्र राहूनच गेलं होतं. गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला, ताई ते मेटॉनिमी आणि सिनेक्डकी हे दोन अलंकार शंभर वेळा वाचले तरी डोक्यात शिरत नाहीयेत, तू काय केलं होतंस? बोलता बोलता ती रडकुंडीला आली होती आणि तो आवाज मला इतका ओळखीचा वाटला की फोन ठेवला आणि लिहायलाच बसले.

आधी माझी परिस्थिती सांगते म्हणजे अंदाज येईल. बारावीपर्यंत मराठी माध्यम, एम.ए. इंग्रजी मुंबई विद्यापीठातून दूरशिक्षणाने, २००९ साली. मग लग्न होऊन देवगड तालुक्यात आले, मुलगा झाला, सासरी हापूसची कलमं आहेत त्यामुळे फेब्रुवारी ते मे घरात श्वास घ्यायला वेळ नसतो. गेली काही वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत काही नाही. कायम व्हायचं तर नेट (देशभरासाठीची अशीच परीक्षा) किंवा सेट लागतेच. सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा, पुणे विद्यापीठ घेतं. पेपर एक ५० प्रश्नांचा, सगळ्यांना सारखा, पेपर दोन आपल्या विषयाचा, १०० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. नवीन लोकांना एक गोष्ट माहीत नसते ती इथेच सांगून ठेवते, ओपनला ४० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ३५ टक्के पडले म्हणजे पास नाही, ते पडले की तुम्ही फक्त रांगेत उभे राहता, खरं तर बसलेल्यांपैकी वरच्या ६ टक्क्यांत यावं लागतं.

पहिल्यांदा बसले २६ मार्च २०२३ ला. त्याआधी सहा महिने मी काय केलं तर जड इंग्रजी शब्दांची तीन हजारांची एक यादी कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती ती प्रिंट काढली, ३६० रुपये गेले, आणि रोज पहाटे तीस शब्द दहा दहा वेळा लिहायचे, लहानपणी पाढे लिहायचो तसे. शंभराव्या दिवशी मागे जाऊन बघितलं तर पहिल्या महिन्यातले निम्मे शब्द गेले होते. इन्जीनियस म्हणजे कल्पक आणि इन्जेन्युअस म्हणजे निरागस, हे दर वेळी उलटंच व्हायचं. लिटररी टर्म्सचं, म्हणजे साहित्यातल्या संज्ञांचंही तेच. व्याख्या घडाघडा यायच्या, पण ओळ देऊन यातला अलंकार कुठला असं विचारलं की चारही पर्यायांच्या व्याख्या पाठ असून मला सांगता यायचं नाही. परीक्षेत हेच झालं. बाहेर येऊन गेटपाशी कट्ट्यावर बसले आणि कोणाला फोन करावासाही वाटेना. रिझल्ट काय लागणार ते मला तिथेच कळलं होतं आणि तसाच लागला.

त्यानंतर मी पुस्तकाला हात लावला नाही. हंगाम होता, मग पाऊस सुरू झाला.

जुलैमधली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, सासूबाई चुलीपाशी बसून शेजारच्या वाडीतल्या भावाभावांच्या वाटणीचं सांगत होत्या, म्हणाल्या, "त्येंच्या घरात आता तीन चुली झाले." मी भाकरी थापत होते, हात तसाच राहिला. तीन चुली म्हणजे तीन कुटुंबं. चूल काही कुटुंबाचा तुकडा नाही, ती कुटुंबाला चिकटलेली वस्तू आहे, आणि नाव तिचं घेऊन आपण बोलतोय कुटुंबाबद्दल. हीच मेटॉनिमी! इंग्रजीत क्राउन म्हणजे मुकुट म्हणतात आणि अर्थ घेतात राजसत्ता, तेच. आणि थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या की तिथे खाणारी तोंडं सात आणि कमावते हात दोन, ते झालं सिनेक्डकी, कारण तोंड आणि हात हे माणसाचेच भाग आहेत, भाग सांगून अख्खा माणूस सांगितला. जहाजावर ऑल हँड्स म्हणतात तेव्हा सगळे खलाशीच बोलावलेले असतात. चिकटलेलं असेल तर मेटॉनिमी, तुकडा असेल तर सिनेक्डकी. दहा वर्षं जे मी वहीत लिहीत होते ते त्या दिवशी चुलीपाशी कळलं. आणि मग आठवलं की बी.ए.ला मराठीच्या पेपरला लक्षणा शिकले होते, गंगायां घोषः, गंगेवर गवळीवाडा म्हणजे गंगेच्या काठावर, ते पण याच घरातलं आहे. कोणी मला हे जोडून दाखवलंच नव्हतं, मराठीचे सर वेगळे आणि इंग्रजीच्या मॅडम वेगळ्या.

त्या रात्री एक वही केली. नियम एकच, प्रत्येक टर्मला उदाहरण घरातलं, आमच्या बोलण्यातलं शोधायचं आणि मगच इंग्रजीतलं लिहायचं. लायटोटीज, म्हणजे उलट्याला नकार देऊन होकार सांगायचा, हे आमच्याकडे शिकवावंच लागत नाही. कितीही चांगलं सारं झालं असलं तरी सासूबाईंची सगळ्यात मोठी पावती "वायट नाय" हीच असते. झ्यूग्मा, म्हणजे एकाच क्रियापदाला दोन वेगळ्या जातीची कर्मं जोडायची, तर "पोराने दुपारी भाकरी खाल्ली आणि संध्याकाळी मार". पोप या इंग्रज कवीच्या रेप ऑफ द लॉकमध्ये अ‍ॅन राणी कधी सल्ला घेते आणि कधी चहा घेते अशी ओळ आहे, झ्यूग्माला सगळीकडे तीच देतात, आणि बघा मराठीत घेणे हे क्रियापद किती चपखल बसतं. पथेटिक फॅलसीला उदाहरण घेतलं, समुद्र खवळला. इथे एक सांभाळा, पथेटिक म्हणजे केविलवाणं नाही, पॅथॉस म्हणजे भावना त्यातून आलंय, निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवणं असा अर्थ. शब्द रस्किन या इंग्रज समीक्षकाचा, त्याच्या मॉडर्न पेंटर्सच्या तिसऱ्या खंडातला, १८५६. आमच्याकडे तर नारळीपौर्णिमेला नारळ देऊन त्याचा राग शांत करतात, म्हणजे ती फॅलसी म्हणायची की नाही यावर मी बराच वेळ विचार करत बसले होते. ज्याला समुद्र खरंच जिवंत वाटतो त्याच्यासाठी तो अलंकार उरतच नाही, असं माझं मत झालं.

शब्दांसाठी कार्डं केली. विकत आणली नाहीत, घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतो, त्यांची कोरी बाजू कापून घेतली. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, मूळ आणि माझं स्वतःचं वाक्य. आंब्याच्या रिकाम्या पेटीत पुठ्ठे घालून पाच कप्पे केले. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरा दिवसांनी. चुकलं की कुठेही असो, परत पहिल्यात. लाइटनर नावाच्या जर्मन माणसाची ही पद्धत आहे, अँड्रॉइड मोबाईलवर अंकी नावाचं फुकट अ‍ॅप याच तत्त्वावर चालतं, पण आमच्याकडे लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही त्यामुळे पेटी बरी. दिवसाला आठच नवे शब्द. तीस नाही. हे मी फार उशिरा शिकले.

आणि मूळ बघायची सवय लागली ती पावामुळे. मराठीत पाव आला पोर्तुगीज पांव वरून, तो लॅटिन पानिस वरून. त्याच पानिसपासून कम्पॅनियन, कम म्हणजे सोबत, सोबत भाकरी खाणारा, आपल्या भाषेत पंगतीतला माणूस. चावी पोर्तुगीज शावे, लॅटिन क्लाविस, त्यातून कॉन्क्लेव्ह म्हणजे कुलूप लावून आत बसलेली सभा, एन्क्लेव्ह, आणि गळ्याखालचं हाड क्लॅव्हिकल. तुरुंग हा ट्रोंको, लॅटिन ट्रुंकस, त्यातून ट्रंकेट म्हणजे छाटणे. मेस्त्री हा मेस्त्रे, लॅटिन माजिस्तर, त्याच घरातले मास्टर आणि मॅजिस्ट्रेट. पगार पण तिथलाच. हे सगळं कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी रात्री अकराला नवऱ्याला उठवून सांगितलं. जे शब्द मी परके समजून घाबरत होते त्यांचे भाऊबंद आमच्या किनाऱ्यावर चारशे-पाचशे वर्षांपासून नांदतायत. उलट दिशेनेही आहे, इंग्रजीतला मंगूस हा आपल्या मुंगसावरूनच गेलाय. मग मी शब्द सुटे घेणं बंद केलं, मूळ घ्यायचे. लोक्वी म्हणजे बोलणे हे एक मूळ धरलं की एलोक्वन्ट, लोक्वेशस, कलोक्वियल, आणि टर्म्समधला सलिलक्वी, एकटा बोलतो तो, असे चार एकदम हाताला लागतात. मुळासाठी इंटरनेटवर व्युत्पत्तीचा कोश फुकट आहे, तो वापरा. टर्म्ससाठी एब्रम्सची ग्लॉसरी, म्हणजे साहित्यातल्या संज्ञांचा कोश, मला जुनी आवृत्ती २५० रुपयांना मिळाली, तेवढी पुरते.

उच्चाराबद्दल एक. हायपर्बली असा उच्चार आहे, हायपरबोल नाही. एपिटमी आहे, एपिटोम नाही. मी कित्येक वर्षं वर्गात चुकीचा शिकवला आणि ते कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, त्या मुलांना आता कुठे शोधू. डिक्शनरीच्या अ‍ॅपमध्ये उच्चार ऐकायचं बटण असतं, कार्ड करतानाच एकदा ऐका.

डिसेंबरात गावच्या जत्रेला दशावतार होता. राजा वेष पालटून आलेला, राणी त्याला ओळखत नाही आणि त्याच्याचकडे नवऱ्याची तक्रार करतेय. आमच्या मागे एक म्हातारे आजोबा होते त्यांना काही राहवेना, मोठ्याने ओरडले, "अगो, तुझोच घोव तो!" सगळी जत्रा हसली. ड्रॅमॅटिक आयरनी मला त्यानंतर कधी पाठ करावी लागली नाही. प्रेक्षकाला माहीत आहे, पात्राला माहीत नाही, आणि त्या मधल्या जागेत जीव कासावीस होतो. मग तिने अंगठीवरून ओळखलं आणि डाव पालटला. घरी येऊन रात्री दीडला मी पोएटिक्सचं, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचं, ते प्रकरण काढलं, अनॅग्नोरिसिस म्हणजे ओळख पटणे, पेरिपेटिया म्हणजे फासा उलटणे, आणि अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की दोन्ही एकाच वेळी घडतात ते सगळ्यात उत्तम, जसं सोफोक्लीसच्या ईडिपस नाटकात. खुणेच्या वस्तूवरून पटणारी ओळख मात्र तो कमी कलेची मानतो. शाकुंतलाच्या नावात जे अभिज्ञान आहे ते दुसरं काय आहे, ओळखच, आणि ती अंगठी सापडते कोणाला तर कोळ्याला, माशाच्या पोटात. अ‍ॅरिस्टॉटल काही म्हणो, मला ती अंगठी कमी कलेची वाटत नाही.

पोएटिक्स इंग्रजीतून जड जात असेल तर विंदा करंदीकरांनी केलेला मराठी अनुवाद आहे तो आधी वाचा. विंदा आमच्या देवगड तालुक्यातलेच, इंग्रजीचे प्राध्यापक. आमच्या लायब्ररीतली प्रत इतकी जीर्ण झालीय की घरी देत नाहीत, तिथेच बसून चार शनिवार वाचली. शोकांतिकेतल्या नायकाच्या हातून जे चुकतं त्याला पोएटिक्समध्ये हमार्शिया म्हटलंय, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे, धनुष्यबाणातला शब्द. आपण गाइडमध्ये दोष, दोष म्हणून वाचतो आणि मग ईडिपसचा दोष काय यावर डोकं फोडतो. नेम चुकला म्हटलं की तो माणूस एकदम वेगळा दिसायला लागतो.

मधल्या काळात कागदपत्रं. याच्यावर मला एकदाच सविस्तर लिहायचंय कारण अभ्यासापेक्षा जास्त झोप यानेच उडवली. मला नॉन क्रिमिलेअर लागत होतं आणि लग्न झालेल्या बायकांनो लक्षात ठेवा, त्यात उत्पन्न नवऱ्याचं नाही, आईवडिलांचं बघतात, म्हणजे दाखला माहेरच्या तालुक्यातून काढायचा. माझं माहेर राजापूर. वडिलांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, माझा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र. ऑनलाईन भरला, एका ऑफिसातून परत आला, कारण आधारवर सासरचं नाव आणि बाकी सगळीकडे माहेरचं. मग लग्नाचं सर्टिफिकेट जोडून पुन्हा. एका खिडकीवर सांगितलं हे चालेल, दुसऱ्या खिडकीवर म्हणाले चालणार नाही, त्या दिवशी राजापूरच्या स्टँडवर मी पाणी प्यायले आणि ठरवलं की आता नाहीच बसायचं. वडील म्हणाले, बाय माझे, तू घरी जा, मी बघतो. ७२ वर्षांचा माणूस तीन वेळा रांगेत उभा राहिला. २३ दिवसांनी दाखला आला. दाखल्यावरची मुदत नीट बघा आणि हे काम फॉर्मची जाहिरात यायच्या आधी, दिवाळीतच उरकून टाका. फॉर्म जानेवारीत भरला, फी आणि सायबरवाल्याचे मिळून ७०० रुपये. नाव एम.ए.च्या मार्कशीटवर आहे तसंच टाकलं.

८ मार्च २०२४ ला महाशिवरात्र, कुणकेश्वरची जत्रा. परीक्षेला महिना राहिला होता आणि इंग्रजी कवितेचे छंद, म्हणजे वृत्तं, अजून जमत नव्हते. आयॅम्ब म्हणजे आघात नसलेलं अक्षर मग आघाताचं, एवढं माहीत होतं, पण कानाला कळत नव्हतं. आम्ही रांगेत, समोर समुद्र, आणि स्पीकरवर शिवतांडव लागलं. जटाटवीगलज्जल… मी नकळत बोटांवर मोजायला लागले, ल गा ल गा ल गा ल गा, शाळेत यमाताराजभानसलगं शिकलो होतो ते. पंचचामर वृत्त, ओळीत लघु-गुरूच्या आठ जोड्या. आयॅम्बिक पेन्टामीटर म्हणजे अशाच पाच जोड्या. फरक इतकाच की आपल्याकडे अक्षर लांब की आखूड ते मोजतात, ग्रीक-लॅटिनमध्येही तसंच होतं, इंग्रजीत मात्र जोर कुठे पडतो ते मोजतात. मी इतके दिवस इंग्रजी ओळीत लघु-गुरू शोधत होते म्हणून चुकत होते. दर्शन झालं तेव्हा मी मनातल्या मनात शेक्सपियरच्या ओळी म्हणत होते, देवाने राग मानला नसेल.

टर्म कोणाची आणि कधीची हे पण विचारतात, जोड्या लावा आणि कालक्रम लावा असे प्रश्न भरपूर असतात. त्यासाठी मी सालांच्या खुंट्या केल्या होत्या. १८१७ ही एक खुंटी, कीट्सचं नेगेटिव्ह कॅपेबिलिटीचं (उत्तराची घाई न करता अनिश्चिततेत राहता येणं) पत्र त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं आणि कोलरिजचं विलिंग सस्पेन्शन ऑफ डिसबिलीफ (खोटं आहे हे माहीत असून वाचताना तेवढ्यापुरता विश्वास ठेवणं) पण त्याच वर्षीचं. बरोबर शंभर वर्षांनी १९१७ ला रशियन समीक्षक श्क्लोव्हस्कीचं डीफमिलिअरायझेशन (ओळखीचं अनोळखी करून दाखवणं). त्याच्यापुढे दोन वर्षांनी १९१९ ला एलियटचं ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह (भावना थेट न सांगता वस्तू आणि प्रसंगांतून उभी करणं), हॅम्लेटवरच्या लेखात. अशा पंधरा-वीस खुंट्या पुरतात. जुने पेपर सेटच्या वेबसाईटवर उत्तरांसकट असतात, मी मागचे आठ सोडवले, दोन दोनदा.

परीक्षा ७ एप्रिल २०२४, रविवार, केंद्र कोल्हापूर. ऐन हंगाम, घरात पेट्या भरायचं काम चालू, दोन दिवसांवर पाडवा. मी निघताना कोणी काही बोललं नाही, जाऊबाईंनी डबा दिला फक्त, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. ६ तारखेला एसटीने फोंडा घाटातून गेले, बायकांना अर्धं तिकीट आहे ते बरं पडतं. मावशीकडे मुक्काम. पहिला पेपर १० ते ११, मग अर्धा तास, मग ११.३० ते १.३०. ओएमआर शीट आहे, गोल भरायचा वेळ धरून चाला, मी दर पंचवीस प्रश्नांनी भरत होते. पहिल्या पेपरचं फार सांगण्यासारखं नाही, आकडेमोड मला जमत नाही, तिथे तुक्के मारले. दुसऱ्या पेपरला मात्र एक टर्म समोर आली की मला वही नाही दिसायची, चूल दिसायची, ते मागचे आजोबा दिसायचे. पाच प्रश्न अजिबात आले नाहीत, ते पण गोल भरले, निगेटिव्ह नाहीये तर रिकामं ठेवू नका.

मग वाट बघणं. आन्सर की आली तेव्हा मी स्वतःचे मार्क तीन वेळा मोजले आणि तीन वेळा वेगळे आले, शेवटी मुलाने मोजले. कट ऑफ किती लागेल याच्या चर्चा मोबाईलवर वाचत बसू नका, मी बसले आणि दोन आठवडे कशात लक्ष लागलं नाही. रिझल्ट लागला तेव्हा नंबर दिसला आणि मी आधी राजापूरला फोन केला. वडील काही बोललेच नाहीत, फोन आईकडे दिला.

नोकरी अजून तासिका तत्त्वावरचीच आहे. जागा निघतील तेव्हा अर्ज करायचा. एकूण खर्च कागदपत्रं, प्रवास, पुस्तकं, फी धरून दोन्ही प्रयत्नांचा साधारण साडेपाच हजार झाला, क्लास लावला नव्हता.

फोन केलेल्या मुलीला रविवारी घरी बोलावलंय. पेटी तिला देणार आहे, ११०० कार्डं आहेत, पाच कप्पे तसेच ठेवलेत. पण तिला सांगितलंय की कार्डाच्या मागचं माझं वाक्य खोडायचं आणि स्वतःच्या घरातलं लिहायचं. ती मालवणची, तिच्या आजीकडे माझ्या सासूबाईंपेक्षा जास्त सापडतील.